शेरा

भरतीरेषेच्या कामाला मी निवतीच्या अलीकडे आले
तेव्हा शाळेला मे महिन्याची सुट्टी होती,
हे कार्यालयाने विचारात घेतलं नव्हतं.

पेटीत तिपाई, फीत, बेचाळीस लाल झेंड्या
आणि ते यंत्र, ज्याला आकाशातून कळतं
मी नेमकी कुठे उभी आहे.

तिसऱ्या झेंडीपाशी तिघं येऊन बसली.
तन्वेश कुबल, चौथी पास.
सावियो, ज्याच्या घरची होडी रंगवायला काढलेली
म्हणून कोपरं निळी.
आणि तन्वेशची बहीण चिमी.
खरं नाव विचारलं तर म्हणाली,
"ता शाळेत असता."

"काय मापतास?"
"समुद्र कुठपर्यंत येतो ते."
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं,
घरी आलेल्या पाहुण्याने विचारावं
तुमची आई कुठे राहते, तसं.

"काल हंयसर इल्लो," सावियो म्हणाला.
"पुनवेक थंय, आत्येच्या न्हाणीपर्यंत."
"आणि गणपतीत?"
"गणपतीक न्हेवक येता तेवा मापूचो नाय."

हे माझ्या नमुन्यात कुठे बसत नव्हतं.
मी फीत ताणली. ती माझ्यामागून
पायाच्या अंगठ्याने फीत ओलांडत राहिली,
न शिवता, जणू खेळच तो.

दुपारी सुरूच्या सावलीत डबा उघडला
आणि परत येते तो सात झेंड्या जागेवर नाहीत.
ओरडले. चांगलीच ओरडले,
बावीस वर्षांच्या नोकरीचा आवाज काढून.
चिमीचा खालचा ओठ थरथरला, पण ती रडली नाही,
हात धरून मला न्यायला लागली.

एक झेंडी पाण्यात, गुडघाभर,
रापण ओढताना बाबा उभा राहतो तिथे.
एक जिथे टिपू कुत्र्याला पुरलं.
एक मागच्या साली कासवीण अंडी घालून गेली तिथे,
एक आत्येच्या न्हाणीच्या दगडात खोचलेली,
दोन कशासाठी ते त्यांनाही आठवेना.
सातवीपाशी चिमी पोटावर पालथी झाली.
"आडवी पड गो."

डॉक्टर सोडून मला आडवं पड म्हणून
कोणी सांगितल्याला बरीच वर्षं झाली.
गुडघा वाजला. ओढणीत वाळू गेली.
गाल टेकवला तर ओली वाळू गार, आणि
समुद्र माझ्या वर होता.
नकाशावर मी ज्याला निळ्या पेनाची
एक बारीक रेघ देते,
तो कपाळाच्याही वर, पोट भरून श्वास घेत होता.

नाकासमोर एक भोक,
भोवती वाळूच्या गोळ्या, मोहरीएवढ्या,
कोणीतरी बसून वळलेल्या.
आतून दोन डोळे काड्यांवर वर आले,
मला पाहिलं, दाराशी एक गोळी लोटली, गेले.

"भरतीच्या आधी दार लावतत," सावियो कुजबुजला.
"पाणी मगे येता."
तन्वेश बोट नाचवत दाखवू लागला,
ह्यां लावलेलां, ह्यां लावलेलां, ह्यां उघडां,
आणि मला दिसली,
बंद दारांची एक वाकडीतिकडी ओळ,
मुलाने धावत काढावी तशी,
कुठे पुढे, कुठे मागे, मध्येच विसरलेली.
यंत्र म्हणत होतं, दोन मीटर वीस अलीकडे.
मी यंत्र खोटं ठरवत नाही.
ते पण बिचारं उभ्यानेच पाहतं.

पाणी आलं. पाण्यातली झेंडी गेली.
तिघांनी टाळ्या वाजवल्या,
मीही वाजवली असावी.

संध्याकाळी खोलीवर नमुना सात भरायला बसले.
अक्षांश. रेखांश. वेळ.
शेरा या रकान्यात मी नेहमी लिहीत आले, निरंक.
आज केसांतून कागदावर वाळू पडली,
ती फुंकली नाही, बाजूने लिहिलं:
झेंडी क्रमांक एकोणीस दीड हात मागे घेतली.
कारण, तिथे दार होतं.

साहेब विचारतील.
सांगेन, दाखवते,
पण त्यासाठी आडवं पडावं लागेल, साहेब.